मुंजाजीमामाच्या पायातलं इख

आमच्या मुंजाजीमामाला पंचक्रोशीत मान होता तो साप चावलेल्यांमुळे. जिंतूरकडच्या आमच्या गावांत कुणाला सोयाबीनमध्ये साप डसला की निरोप आधी मामाकडं, मग डॉक्टरकडं. मामा येऊन मांडीला फडकं आवळणार, लिंबाचा पाला चावायला देणार आणि बजावणार, "हलायचं न्हाई. पाय हलला की इख वर चढतंय." धामण चावलेले झाडून सगळे मामाच्या हातून बरे झाले. नाग चावलेल्यांना मी मोटारसायकलवर घालून दवाखान्यात पळवायचो. त्यातले वाचले तेही मामाच्याच नावावर. गेले ते हलले म्हणून गेले!

असा हा माणूस पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची शिंगं रंगवता रंगवता आडवा झाला. लकवा. परभणीला नेलं, जीव वाचला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं आणि आधीपेक्षा जास्त चालू लागलं. पण डावा पाय हळूहळू लाकडासारखा ताठ होत गेला. पंजा खाली वळलेला, टाच काही जमिनीला टेकेना. कासाबाई मामी हाडानं मामाच्या निम्मी. त्याचा हात गळ्यात घेऊन ती त्याला संडासात नेऊन बसवायची आणि दाराबाहेर उभी राहायची. मामाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"बन्सीधर," मला एकदा म्हणाला, "मला बाकी काय नको रं. एकट्याला संडासला जाता आलं तरी लय झालं."

दिवाळीनंतर परभणीच्या डॉक्टरनं पोटरीत द्यायचं इंजेक्शन सुचवलं. ताठरलेला स्नायू त्यानं सैल पडतो, तीनेक महिने तसा राहतो. तेवढ्या काळात रोज पंजा ताणायचा, भिंतीला धरून उभं राहायचं, टाच टेकवून चालायचं. इंजेक्शननं पाय सैल होईल, चालणं व्यायामानंच येईल, असं त्यानं दोनदा सांगितलं. व्यायाम शिकवणाऱ्या सविता मॅडमनी मामीकडून सगळं करून घेतलं. इथपर्यंत सगळं बेस होतं.

मग मामानं विचारलं, "सायेब, हाय काय ह्या सुईत?"

डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाला, "खरं सांगायचं तर एका जंतूचं विषच आहे. पण इतकं थोडं, की तेवढाच स्नायू ढिला पडतो. घाबरू नका."

"इखाची मला सांगता व्हय?" मामा हसला आणि पोटरी पुढं केली. डॉक्टर खरं बोलला, तिथंच घात झाला.

घरी येताच मामा खाटेवर आडवा झाला आणि हुकूम सोडला, "आता ह्या पायाला कुणी हात लावायचा न्हाई." मामी टॉवेल घेऊन पंजा ताणायला बसली तर अंगावर ओरडला, "मारायलीस का मला? हलवलं की इख काळजात जातंय!" मी डॉक्टरला फोन लावून दिला. मामानं सगळं शांतपणे ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पोरगं हुशार हाय. पर साप बघितला न्हाई त्यानं."

आठवड्याभरात पाय खरंच सैल पडला. मामा झोपलेला असताना मी हळूच पंजा वळवून पाहिला, तर सहज वर आला. टाच टेकली असती हो! खाटेसकट उचलून माणसाला अंगणात उभा करावा, असा राग यायचा मला. मामाला मात्र त्यात पुरावाच सापडला. "बघा, पाय ढिला पडला. इख भिनायलंय." भेटायला आलेल्यांनी माना डोलावल्या. ज्यांना मामानं कधी हलू दिलं नव्हतं, ते आता मामाला हलू देईनात. धामणीतून वाचलेला महारुद्र तर रोज लिंबाचा पाला घेऊन हजर.

"तुमचं इख वर चढंल म्हून माझी कंबर मोडायलीय," मामी एकदा भडकली, "ती दिसंना का कुणाला?"

कुणालाच दिसली नाही.

हरभरा काढून झाला, शिमगा जवळ आला, आणि पोटरी पुन्हा आखडायला लागली. थोड्याच दिवसांत पाय होता तसा ताठ. मामानं मात्र पोटरीवर थाप मारली. "उतरलं! सगळं इख उतरलं!" मारुतीला नारळ फुटला. महारुद्रनं पेढे वाटले. अंगणात गाव जमलं, मामाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. "हाललो न्हाई, म्हून वाचलो," मामानं सांगितलं. टाळ्या वाजल्या.

लोक पांगल्यावर मामा मामीला म्हणाला, "सरक. आता मी एकटा जातो." खाटेचा काठ धरून उठला, डावा पाय पुढं टाकला. पंजा मुडपला आणि तो मामीच्या अंगावर कोसळला. तिनं कसाबसा सावरला. पायाकडं बघत लहान पोरासारखा तो म्हणाला, "इख तर उतरलं की गं. मग टाच कामून टेकंना?"

मामीनं खांदा त्याच्या काखेत दिला.

"आधी त्यो हार काढा," ती म्हणाली, "संडासच्या कडीत अडकंल."