परबकाका थ्रीडी प्रिंटिंग शिकतात

आमच्या साकीनाक्याच्या सेंटरमध्ये ‘थ्रीडी प्रिंटिंगमधून बिझनेस’ असा सहा रविवारांचा कोर्स चालतो. त्यातून कुणाचा बिझनेस वाढला ते देव जाणे, पण माझ्याकडे किस्से इतके साठलेत की मैत्रिणी मला चहाला बोलावतात ते फक्त ते ऐकायला!

नाडकर्णी सर भाषण करतात, मी मशीन चालवते. कामाची अगदी समान वाटणी.

*

पहिल्या दिवशी सर जोरात होते. “लेथवर आपण धातू तासून कमी करतो. इथे थरावर थर चढवून वस्तू उभी करतो. नो वेस्ट! भंगार शून्य!”

मागून परबकाकांनी हात वर केला. काका मूळचे मालवणचे, तीस वर्षं पलीकडच्या गाळ्यात लेथ चालवतात. मालकाने पाठवलं म्हणून आलेले.

“सर, भंगारच नाय, तर मगे भंगारवाल्यान खावचा काय?”

सरांच्या स्लाइड्समध्ये भंगारवाला नव्हता.

*

घाटकोपरच्या विद्याताई मोदकांच्या ऑर्डर्स घेतात. त्यांनी हौसेने स्वतःच्या डिझाइनचा साचा छापला. पण साच्याच्या प्रत्येक थराची बारीक रेघ मोदकावर उठली, खालपासून वरपर्यंत गोल गोल.

सासूबाईंनी मोदक फिरवून फिरवून बघितला. “विद्या, हा वाफवायचा, की पान्याने आवळायचा गं?”

*

मग सरांना हुक्की आली. स्वतःला स्कॅन करून त्यांनी पुतळा छापायला लावला. बूट झाले, पँट झाली, टाय झाला. चार तासांनी मशीन गळ्यापर्यंत पोचलं आणि लाइट गेली!

विद्याताईंनी बिनडोक्याचा पुतळा हातात घेतला. “असू दे हो सर. हुबेहूब आलाय!”

*

शेवटच्या रविवारी परबकाकांचे मालक प्रोजेक्ट्स बघायला येणार होते. त्यांचं ठरलेलं होतं: इथलं काम पसंत पडलं की लेथ विकायचा आणि प्रिंटर घ्यायचा. काका दोन रविवार धड बोलत नव्हते.

नेमकं त्याच सकाळी आमच्या मशीनचं नायलॉनचं चाक तुटलं.

“डोन्ट वरी!” सर म्हणाले. “स्पेअर पार्ट आपण प्रिंट करू!”

“कशावर, सर?” मी विचारलं. मशीन एकच होतं.

काका उठले. तुटकं चाक घेऊन गाळ्यात गेले आणि नायलॉनच्या दांड्यातून लेथवर नवं चाक काढून तासाभरात परत आले. बसवलं. मशीन झकास चालायला लागलं.

मालक आले. चाकाकडे बघून म्हणाले, “वा! हे पण प्रिंट केलंत?”

सर म्हणाले, “ऑफ कोर्स!”

मी तोंड उघडलं. सरांनी डोळे वटारले.

“मग प्रश्नच मिटला,” मालक म्हणाले. “काका, उद्याच लेथ काढून टाकू.”

काकांनी मशीनचा स्विच बंद केला. स्क्रू सोडवून ते चाक काढलं, फडक्याने पुसलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

“बरा,” ते सरांना म्हणाले. “आता दुसरा छापा.”