तिघांचा एक क्लच

गाडी घरी उघडून परत जोडली की दोन-चार वायसर हमखास उरतात. कुठले, कुणाला ठाऊक! आमचे चेन्नईचे किस्से तसेच उरलेत. गाडी केव्हाच विकली, पण कुणी 'क्लच' म्हणालं की मला गप्प बसवत नाही. तसंही मला गप्प बसवत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये आम्ही तिघं राहायचो. मॅन्शन म्हणजे बंगला नव्हे बरं का, सडाफटिंग लोकांची चाळच ती! मी सांगलीचा, क्वालिटीत. अजित नाशिकचा, डिझाइनला. वेंकटराव तंजावरकडचा मराठी, प्रॉडक्शनला. तिघांत मिळून एक जुनी मोटरसायकल. आणि कंपनी कसली? गिअरबॉक्सची! दिवसभर गिअर बनवायचे आणि संध्याकाळी सिग्नलला न्यूट्रल शोधत बसायचं.

*

दुखणं साधं होतं. क्लचची केबल ढिली असली की लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. मग गाडी उभी राहिली की पायाने कितीही चाळे करा, न्यूट्रल काही येत नाही. लिव्हरपाशी एक स्क्रू असतो, तो फिरवून केबल हवी तेवढी ताणायची आणि नट आवळायचा. संपलं!

पण आमचे हात तीन ना! अजितला लिव्हर ढिली हवी, मला ताठ आणि वेंकटला 'मीडियम'. गाडी ज्याच्या ताब्यात तो आधी स्क्रू फिरवणार. ताठ झाली की क्लच घसरायचा, इंजिन नुसतं बोंबलायचं. ढिली झाली की न्यूट्रल गायब.

"ड्रॉइंगप्रमाणे सेट केलंय, कुणी हात लावायचा नाही!" अजित बजावायचा.

"टॉलरन्समध्ये आहे, एवढा फरक चालतो," असं मी म्हणायचो.

"चालते ना? मग पोदुम, पुरे!" असं म्हणून वेंकट स्वतःच पाना उचलायचा.

*

एकदा कंपनीत तक्रारींची मीटिंग होती. मी सकाळीच सिग्नलला तीन शिव्या खाऊन आलेलो, डोकं तापलेलं. बोर्डापुढे उभा राहिलो आणि गाडी थांबल्यावर न्यूट्रल न सापडणं या विषयावर जे सुरू झालो ते थांबेचना! कारणं काढली, बाणांच्या आकृत्या काढल्या, मॅनेजमेंटलाही दोन शब्द सुनावले.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "कस्टमर कोण आहे?"

"मीच, सर."

*

मरीनाजवळचा सिग्नल. अजित लिव्हर दाबून उभा, बोटं भरून आलेली. शेवटी हात सुटला आणि गाडी उडी मारून थेट ट्रॅफिक हवालदाराच्या बुटाशी जाऊन बंद पडली.

"लायसन!"

अजितला तमिळ बेताचंच. "सार, न्यूट्रल वरले, वरले!" म्हणजे येत नाही, येत नाही.

हवालदाराला ही सरळ थाप वाटली. "उतर, मी दाखवतो," म्हणून तो स्वतः गाडीवर बसला. किक मारली, गिअर टाकला, एक पाय टेकला, दुसऱ्याने न्यूट्रल शोधलं, सापडलं असं वाटलं... आणि लिव्हर सोडली. गाडी त्याला घेऊन लाल सिग्नल तोडून पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेली! सगळा चौक बघतोय.

बिचारा गाडी ढकलत परत आला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "पो, पो! जा बाबा!" लायसनचं नाव नाही.

*

शेवटी आम्ही एक पद्धतच पाडून घेतली. सिग्नल लागला की पुढच्याने ओरडायचं, "उतर!" मागच्याने उतरून गाडी मागेपुढे हलवायची. गिअर जरा जागचा हलतो आणि न्यूट्रल येतं. वेंकटच्या हे इतकं अंगवळणी पडलं की रिक्षातून जातानाही सिग्नल आला की स्वारी खाली! रिक्षावाला गोंधळून विचारायचा, "सार, इथेच?"

*

आता अजितचं. चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात देसाई काका होते. क्वार्टर्समध्ये राहायचे. त्यांच्या मंजिरीचं आणि अजितचं जमलं होतं, काकूंना पसंत होतं, फक्त काकांचा होकार हवा होता. आणि काका म्हणजे! 'हो' नाही की 'नाही' नाही, कधीही विचारा, "बघू."

त्यात अजितला पुण्याच्या प्लांटला बोलावणं आलं. सोमवारी कळवायचं होतं. काकांनी हो म्हटलं तर दोघं मिळून जाणार, नाहीतर तो चेन्नई सोडणार नव्हता. गडी आठवडाभर गॅलरीत येरझारा घालत होता. जेवण नाही, झोप नाही, आम्हालाही बसू देईना.

रविवारी धीर द्यायला म्हणून मी ट्रेनने आधीच आवडीला गेलो. अजित मोटरसायकलवर आला. येण्याआधी घाबरून त्याने लिव्हर आणखी ढिली केलेली, हे मला नंतर कळलं. तो चहाला टेकतोय तोच काका पिशवी घेऊन बाहेर आले.

"चल, बाजारात सोड मला."

काका स्वतःची सायकल सोडून कधी कुणाच्या मागे बसले नव्हते. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघतच राहिल्या.

जाताना सगळं नीट झालं. भाजी घेऊन परत येताना रेल्वेचं फाटक बंद. न्यूट्रल येईना. आणि अजित सवयीने खेकसला, "उतर! अरे उतर ना, हलव मागून!"

काका मुकाट्याने उतरले. पिशवी दंडात अडकवली, दोन्ही हातांनी गाडी मागेपुढे करू लागले.

"आलं का?"

"नाही अजून, जरा जोर लाव की!"

"आता?"

"आलं!"

तेवढ्यात फाटक उघडलं, मागून हॉर्नचा कल्ला. अजित सुटला.

मी आणि मंजिरी दारातच उभे होतो. अजित आला तो मोठमोठ्याने बोलतच! "...तर काका, मी तिला सुखात ठेवीन. आज काय ते स्पष्ट सांगा, प्लीज!" एवढं म्हणून त्याने गाडी थांबवली आणि मागे वळला.

सीट रिकामी.

"बाबा कुठायत?" मंजिरीने विचारलं. झाला प्रकार अजितने अडखळत सांगितला आणि मला वाटलं, संपलं, आता हे लग्न होत नाही. पोराची अक्षरशः दया आली हो.

तो गाडी वळवतोय तोच कोपऱ्यावर काका दिसले. उन्हातून चालत येत होते, शर्ट घामाने चिंब, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. काकूंनी पाणी दिलं. काकांनी सावकाश तांब्या रिकामा केला.

"काका, मी..."

काकांनी हातानेच थांबवलं.

"पुण्यात सिग्नल पुष्कळ आहेत म्हणे."

"हो."

"मग हिला मागे बसवलंस की निघताना एकदा वळून बघत जा."