काटा मधातच होता

देवराव गेल्याचं त्याच्या मुलीनं, वंदनानं फोनवर सांगितलं तेव्हा मी नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरी अंगणात उभा होतो. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "काका, सरणाजवळ उभे राहूनही लोक तेच बोलत होते. काटा मधातच होता म्हणे... अन् हसत होते. तुम्ही तर त्या दिवशी गाडीजवळ होते. बाबा खोटं बोलत होते काय?" मी म्हटलं, नंतर बोलू. त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठं जायचं ते सुचत नाही.

देवराव आणि मी नरखेडच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी नागपुरात कारकून झालो, तो ड्रायव्हर. माझे मोठे भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, इतवारीत धान्याचा व्यापार करायचे. आम्ही दोघा भावांनी एक जुना ट्रक घेतला तेव्हा ड्रायव्हर कोण, हा प्रश्नच नव्हता. संत्र्याच्या दिवसांत देवराव पहाटे अंधारात निघायचा आणि उजाडता उजाडता माल नागपूरच्या बाजारात आणायचा. गाडीशी तो बोलायचा. मला म्हणायचा, "वसंता, तू फायलीशी बोलते, मी इंजिनशी. फरक काय आहे गा?"

एका वर्षी गाडीतला तापमानाचा काटा बिघडला. पहाटे निघालं की तो लालपर्यंत चढायचा. देवराव गाडी थांबवून बोनेट उघडायचा, तर इंजिन थंड. दादा चिडायचे, की हा वाटेत झोपा काढतो. एका रविवारी देवरावनं मला चहाच्या टपरीजवळ नेलं. इंजिनमध्ये एक पितळी खुंट असतो, त्याला जेवढी उष्णता लागेल तेवढा काटा हलतो. तो खुंट त्यानं काढला, लांब वायरींनी गाडीला जोडला आणि टपरीवाल्याकडून मागून घेतलेल्या उकळत्या पाण्यात सोडला. टपरीवाला म्हणाला, "देवराव, इंजिनचा मसाला टाकून राहिला काय चहात?" देवरावचं लक्ष काट्यावर होतं. काटा चढला आणि जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. मग त्यानं मला गाडीचे लाइट लावायला सांगितले. पाणी तेच, उकळी तीच, आणि काटा सरकत थेट लालमध्ये गेला. "पाह्यलं? लाइट लावला का काटा चढते. इंजिनचा दोष नाही, खुंटाचाही नाही. डॅशबोर्डाची अर्थिंग गंजली आहे. मले एक दिवस दे, सगळं खोलून साफ करतो." मी म्हटलं, तसा काटा खोटा आहे हे कळलंच आहे, तर चालव ना. तो म्हणाला, "खोटं बोलाची सवय लागली का तो खरं बोलन तेव्हा मले कसं समजन?"

मृग बहाराची संत्री निघत होती. गाडी एक दिवस उभी ठेवायला दादा तयार होईनात आणि मला दादांशी वाद नको होता, देवरावशीही नको होता. मी इतवारीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्यानं काट्याच्या वायरीत एक लहानसा रेझिस्टर जोडायला दिला. त्यानं काटा खाली ओढला जातो, बस. देवराव गावी गेला असताना मी तो डॅशबोर्डामागे जोडला आणि त्याला सांगितलं की अर्थिंग करून घेतली. त्यानं लाइट लावून पाहिले. काटा किंचित हलला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नवं काम आहे, बसेल. त्यानं मान डोलावली... मी सांगितलं म्हणून.

काही दिवसांनी दुसऱ्या खेपेला, भर दुपारी, भरल्या गाडीत पाण्याचा पाइप फुटला. इंजिन तापत गेलं आणि माझ्या रेझिस्टरनं काटा मधोमध धरून ठेवला. इंजिन जाम झालं तेव्हाच देवरावला कळलं. त्याचा निरोप आला तसा मी स्कूटर घेऊन गेलो. तो रस्त्याच्या कडेला बसला होता. "वसंता, काटा मधातच होता गा," एवढंच म्हणाला. मग माझं घामेजलेलं तोंड पाहून म्हणाला, बस, तुले चहा आणतो. तो ढाब्याकडे वळला आणि मी केबिनमध्ये चढलो. डॅशबोर्डामागे हात घातला, रेझिस्टर काढला, वायर पूर्वीसारखी जोडली. खाली उतरलो तेव्हा तो समोरून चहा घेऊन येत होता. तो चहा मी प्यालो.

दादा मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्रीनं तपासलं, उन्हात, लाइट न लावता. काटा बरोबर. दादांनी विचारलं, "मंग तुले दिसला काहून नाही? झोपला होता?" देवराव तेच वाक्य म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "जाऊ द्या दादा, होते कधी कधी." लोकांनी याला माझा मोठेपणा म्हटलं.

त्यानंतर त्याला कोणी ट्रक दिला नाही. एका मोसंबीच्या बागेत तो विहिरीवरची मोटर सांभाळू लागला. बाजारात दिसला की पोरंसोरं विचारायची, काटा कुठं आहे? तो कुणाला उलटून बोलला नाही, मलाही नाही. त्याला कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत मी केली नाही. दादा जाऊनही बरीच वर्षं झाली, म्हणजे दादांची भीती हेही कारण उरलं नव्हतं...

मागच्या आठवड्यात एसटीनं गावी गेलो आणि वंदनाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मले एकटीले सांगून काय होते काका? हासले तर सगळे होते." म्हणून नावानिशी लिहितो आहे: वसंता म्हणजे मी. इंजिन माझ्यामुळे गेलं. देवराव जागा होता, काट्यावर त्याची नजर होती आणि तो खरं बोलत होता.

निघताना ती मला विहिरीकडे घेऊन गेली. मोटर चालू होती. तिथल्या स्टार्टरवर चांगला मीटर आहे, पण देवराव त्याच्याकडे कधी बघायचा नाही म्हणे. मोटर सुरू केली की तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभा राहायचा, रोज. तिथला हिरवा रंग तळव्याएवढा झिजून खालचं लोखंड उघडं पडलं आहे. मी तिथं हात ठेवला. गरम लागलं. हे नेहमीचं की जास्त, मला सांगता येईना. वंदनानं मला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतःचा हात ठेवला. "ठीक आहे," ती म्हणाली, "चालू द्या."