तूप वाढणारा जवान

मुलांनो, म्हसावदच्या एका लग्नात पाहिलेल्या जवानाबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. तो नवरीचा भाऊ, सुट्टीवर आलेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. वरण-बट्टीची पंगत बसली होती आणि तो तुपाची बादली घेऊन सगळ्यांना आग्रहाने वाढत होता. वाढणाऱ्याला कोणी जेवायला बसवत नाही, म्हणून त्याने हे काम मागून घेतलं होतं.

पण मामीने त्याला गाठलंच. तुपात बुडवलेली बट्टी तिने त्याच्या तोंडाशी धरली. "खाय रे भाचा! फौजमा जाईसन आम्हनं खावानं इसरी ग्या का?"

"मामी, परत गऊ का लगेच वजन करतस. जास्ती भरनं तर बढती थांबी जाई."

"एक बट्टी खादी तर कोनती बढती थांबस? बहीनना लगीनमा बी उपास!"

सगळे हसले. तोही हसला आणि बादली खाली ठेवून म्हणाला, "बढतीनं जाऊ दे, मामी. डोंगरवर माले गोळी लागनी तर मन्हा जोडीदार माले खांदावर उचलीसन लई जाई. त्यान्हा खांदावर जास्ती वजन कसाले?"

माणसाचं वजन त्याचं एकट्याचं असतं, असंच मी इतकी वर्षं समजत आले होते. त्याच्याकडे पाहताना माझा घास हातातच राहिला.

मामीने बट्टी आपल्या ताटात ठेवली. पदराला हात पुसत तिने हळूच विचारलं, "तो जोडीदार कोन्हा पोऱ्या शे रे? त्याले आपला घर लई ये. त्याले मन्हा हातनी खावाडसू."