माझ्या लग्नाविषयी वडिलांचं पत्र

सासरहून आलेली सहाच्या सहा पत्रं वकीलबाईंनी परत पाठवली. आमचं लग्न खरं आहे हे कॅनडाच्या सरकारला पटावं आणि नवऱ्यापाठोपाठ मला तिकडे जाता यावं, म्हणून जवळच्या माणसांनी आमच्याविषयी लिहून द्यायचं होतं. तिसगावात माझ्या दिरांनी एक मजकूर तयार केला आणि पाण्याच्या टँकरचा अर्ज असावा तसा सगळ्यांकडून उतरवून घेतला. अक्षरं सहा, मजकूर एक. वकीलबाई म्हणाल्या, हे वाचून खरं लग्नही खोटं वाटेल.

सासूबाईंना फोन केला तर त्या बुचकळ्यात पडल्या. "आता येगळं काय लिहू? तुमी दोघं फोनवर भांडता, ते लिहू व्हय?" तेच लिहा, म्हटलं. अब्रूची काळजी करण्याची ती वेळ नव्हती.

पण खरी धास्ती वेगळीच होती. लग्नाच्या फोटोंत माझ्या माहेरचं एकही माणूस नव्हतं. आई आधीच गेलेली, आणि वडिलांना हे लग्न पसंत नव्हतं. नोंदणीच्या दिवशी ते कोपरगावात घरीच बसून राहिले. सुट्टी संपली तसा नवरा परत गेला आणि मी शाळेच्या नोकरीमुळे वडिलांजवळच राहिले. ते माझ्याशी भाजीपासून राजकारणापर्यंत सगळं बोलत, त्याच्याविषयी मात्र चकार शब्द काढत नसत. त्याचा व्हिडिओ कॉल आला की चपला घालून बाहेर पडत. वडिलांचं पत्र नसेल तर कारण विचारलं जाईल, असं वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

चार दिवस मी त्यांच्याभोवती नुसती घुटमळले. पाचव्या दिवशी चहाचा कप पुढे करताना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांची उभी हयात तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेलेली. "जे मी पाहिलं नाही, ते मी लिहून देत नाही," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. मला संताप आला, रडूही आलं. पत्रं पाठवायची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला होता.

दोन दिवसांनी टेबलावर एक कागद दिसला, डावीकडे समास सोडून नीट लिहिलेला. उभ्या उभ्याच पहिली ओळ वाचली. 'सदर विवाह मला पसंत नव्हता व मी विवाहास हजर नव्हतो.' संपलं, असं वाटलं. तरी पुढे वाचलं.

'गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी जावई तीन आठवड्यांच्या रजेवर आले होते. मुलगी दिवसा शाळेत असे. रजेपैकी सोळा दिवस त्यांनी दर चार तासांनी माझ्या डोळ्यात औषध घातले. या काळात मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. हे मी स्वतः पाहिले आहे.'

तोवर त्यांच्या तोंडी त्याच्यासाठी फक्त 'तो' असायचं. जावई हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. तरीही भीती जाईना, म्हणून पहिली ओळ तेवढी गाळा, अशी विनवणी केली.

"ती गाळली तर खालचं कोण खरं धरेल?" ते म्हणाले.

पत्र भाषांतरासह गेलं. चार महिने झाले, उत्तर नाही. कोणा अधिकाऱ्याच्या डोळ्यांत नेमकी ती पहिलीच ओळ खुपली असेल, या विचाराने वर्गात फळ्यावर लिहितानाही माझं चित्त ठिकाणावर नसतं. वडील रोज संध्याकाळी विचारतात, काही आलं का. मी नाही म्हणते. मग ते आरशासमोर उभे राहून डोळ्यांत थेंब घालतात. डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी ते कायमचेच दिले आहेत. नेम चुकतो, निम्मं औषध गालावर ओघळतं. परवा न राहवून मी बाटलीसाठी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "आता सवय करायला हवी."