पावणीसाठी धुतलेले शिंपले

परवा सौंदडजवळच्या धानात तुडतुड्यांवर फवारणी चालली होती. तो उग्र वास नाकात गेला आणि काकीच्या अंगणातलं घमेलं डोळ्यांपुढे आलं.

तेव्हा मी कॉलेजात होते. फवाऱ्याचं विष धानाच्या बांध्यांतून बोडीत, आमच्या गावच्या तळ्यात उतरतं आणि तिथलेच शिंपले आपण खातो, असं पत्रक मी घरोघर वाटलं होतं. कोणी ऐकेना, म्हणून संशोधन करणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. तपासणीसाठी शिंपले काढून ठेवायचं काम काकीने घेतलं.

दोन दिवस ती घमेल्यातल्या शिंपल्यांवर विहिरीचं ताजं पाणी ओतत होती. चिखलाचा वास हळूहळू विरत गेला.

"काकी, कायले एवढं धुवून राहिली?"

"मंग पावणीले गाळाचे देऊ का? तुह्या पत्रकानं गावाचं नाव गेलंच, आता माह्यंबी घालव."

मी हसले आणि पुढची बादली मीच ओतली.

अहवालात काहीच सापडलं नाही. स्वच्छ पाण्यात ठेवलेले शिंपले पोटातलं बरंच बाहेर टाकतात, हे मी फार उशिरा वाचलं. तोवर काकी म्हातारपणाने गेली होती.

बोडीवरच्या बाया अजून तो अहवाल मला ऐकवतात. मागच्या महिन्यात मी त्यांना सगळं खरं सांगितलं, माझ्या बादलीसकट.

"मेलेल्या बाईवर ढकलून राहिली," एकजण म्हणाली, आणि टोपली घेऊन पाण्यात उतरली.