जेवणानंतरची फेरी

माझं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं. पोटात ते फार मोठं झालं होतं. एकोणीसशे ऐंशीनंतर पुन्हा दिवस राहिले, तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर वाढल्याचं सांगितलं; पहिलं बाळही त्यानंच मोठं झालं असावं, म्हणाल्या. गोड बंद, भात थोडा, आणि प्रत्येक जेवणानंतर सावकाश चालायचं. पोट कडक झालं तर लगेच थांबायचं.

मी आमच्या घरची पहिली पदवीधर, मला ते पटलं. सासूबाईंना पटेना. बोरगावच्या घरी त्या मला पाण्याची बादलीही उचलू देत नसत. मी चालायला निघाले, तर एकदा माझ्या चपला मांडीवर घेऊन बसल्या.

"माया वक्ताले सासूनं दिवस भरले तरी कापूस वेचाले धाडलं. मले कोणी बसू नाई देलं. तवाच ठरवलं, आपल्या सुनेले बसवीन."

पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं. ते राबणं होतं, हे चालणं वेगळं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पाय चालले की रक्तातली साखर त्यांच्या कामी येते. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "मी संग गेली तं चालते का?"

मग जेवण झालं की आम्ही दोघी निघायचो. सुनेला दम घेऊ देत नाही का, असं शेजारणीनं टोकलं, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तू बी चाल. तुयं पोट तं हिच्याहून मोठं दिसून राह्यलं."

डोहाळजेवणाला सगळ्यांना पुरणपोळी आणि माझ्या ताटात भाकरी, वांग्याची भाजी. बायका गाणी म्हणायला बसल्या, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या चपला आणून ठेवल्या. गाणी मग, आधी फेरी. हिरव्या साडीत, केसात गजरा माळून मी रस्त्याला लागले. मागून बायका आल्या, आणि चालता चालताच गाणी सुरू झाली.

नंतरच्या तपासणीत साखर उतरली होती. दिवस भरल्यावर मुलगी झाली, बेताच्या वजनाची, खणखणीत रडणारी. सासूबाईंनी तिला पदरात घेतलं आणि बराच वेळ नुसतं तिचं रडणं ऐकलं.

घरी आल्यावर सवयीनं मी जेवून फेरीला उठले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"आता बस वो बाई. आता तं मले तुले बसवू देशीन?"

मी बसले. त्यांनी माझं ताट उचललं.